हात न लावता

१

आमच्या शोधाचं अर्जातलं नाव लांबलचक होतं. ऑफिसात आम्ही त्याला नुसतं 'हात न लावता' म्हणायचो. साधा कॅमेरा माणसाच्या चेहऱ्यासमोर लावायचा आणि त्याची नाडी मोजायची, एवढंच काम. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. इतका किंचित, की आरशापुढे तासभर टक लावून बसलात तरी दिसायचा नाही. आमचा प्रोग्रॅम व्हिडिओतून तो बदल वेचून काढायचा, शंभरपट मोठा करायचा, चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आखायची आणि वर आकडा लिहायचा. खात्री नसेल तर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. अंदाजपंचे काही सांगायचं नाही, हा आमचा नियम होता.

हे सगळं मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी होतं. त्यांच्या अंगाला तारा चिकटवल्या तर काढताना कातडी सोलून निघते.

आम्ही दोघंच होतो. मी आणि मास्तर. मास्तर पूर्वी कॉलेजात गणित शिकवायचे. चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलाखाली शोधत बसायचे, पण आकड्यांच्या बाबतीत त्यांची चूक काढणं अजून कुणाला जमलं नव्हतं.

पेटंटच्या अर्जाला साध्या घरात, साध्या उजेडात घेतलेल्या चाचण्या जोडायच्या होत्या. मी म्हटलं, माझंच घर घेऊ. घरात आम्ही तिघी. आई, मी आणि माझी साडेचार वर्षांची लेक, जिला सगळे चिमणीच म्हणतात. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. मी कामावर गेले की चिमणी दिवसभर आईजवळ. मैत्रिणी म्हणायच्या, तुझी आई म्हणजे तुला लागलेली लॉटरी आहे. खोटं नव्हतं ते. तिनं माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही, हात उगारणं तर लांबच राहिलं.

२

रविवारी सकाळी हॉलमध्ये स्टँड उभा केला. आई आणि चिमणी सोफ्यावर.

"हसायचं की गंभीर बसायचं?" आईनं विचारलं. "पासपोर्टचा फोटो असेल तर सांग, मी मेल्यासारखी बसते."

"कशीही बस. फक्त हलू नकोस."

स्क्रीनवर चौकटी उमटल्या. आई, सहासष्ट. चिमणी, एकशे अठ्ठेचाळीस.

"माझे जास्त मार्क!" चिमणी ओरडली. ती मघापासून सोफ्यावर उड्या मारत होती, त्यामुळे मला त्या आकड्याचं काही वाटलं नाही.

मग तिसरी चौकट उमटली. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर. बाबांच्या फोटोभोवती.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. फोटो मीच काढलेला, ते धडधाकट असतानाचा. गॅलरीत उभे आहेत, वाऱ्यानं केस उडालेत, हसतायत. चौकटीवर आकडा होता एकशे अडतीस.

मला आधी हसू आलं. "आई, बाबा धावून आलेत बघ कुठूनतरी."

आईनं मान वळवून फोटोकडे पाहिलं. बाबांच्या चौकटीवर एकशे चव्वेचाळीस.

"बिघडलंय तुझं यंत्र," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

३

सोमवारी मी मास्तरांना सांगितलं. ते खूश झाले. चूक सापडली की त्यांना गोड खाल्ल्यासारखं वाटायचं.

"काच आहे ना फोटोवर? समोर बसलेल्यांची प्रतिबिंबं पडली असणार. नाहीतर दिव्याचा लुकलुकाट."

पुढच्या रविवारी मी फोटोची काच काढली. दिवे बंद केले, पडदे सारून नुसता दिवसाचा उजेड घेतला. शेजारी आमच्या लग्नाचा फोटो टांगला आणि बिस्किटांचा रिकामा डबासुद्धा ठेवला, त्याच्यावर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. प्रोग्रॅमनं सगळ्या चेहऱ्यांना चौकटी काढल्या. डब्यावरचं बाळ, दोन रेघा. लग्नातली मी, दोन रेघा. नवरा, दोन रेघा.

बाबा, एकसष्ट.

त्या वेळी हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी फोटोसमोर उभी राहिले. कागद होता तो. कडेला जरा पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात बुरशीचा ठिपका. मी बोट टेकवलं, तर गार लागला. स्क्रीनवर मात्र आकडा संथ चालला होता. एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. झोप पुरी झालेल्या माणसाची नाडी.

मी फोटो उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेला. मास्तरांनी टेबलावर ठेवून कॅमेरा लावला. दोन रेघा. अर्धा तास झाला, तरी दोन रेघाच.

"बघ," मास्तर म्हणाले. "मेलेला माणूस मेलेलाच आहे. तुझ्या घराच्या भिंतीतच काहीतरी हलतंय. पंप, लिफ्ट, काहीही. सगळं रेकॉर्डिंग आण. आवाजासकट."

मला इतकं हायसं वाटलं की मी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

४

आवाजासकट रेकॉर्डिंग पाहणं ही माझी सूचना असती तर बरं झालं असतं, निदान दोष देता आला असता स्वतःला.

बुधवारी दुपारी मी हेडफोन लावून बसले. रविवारचं दोन तासांचं रेकॉर्डिंग. स्क्रीनच्या खाली बाबांच्या आकड्याची रेघ काढून घेतली होती. रेघ बराच वेळ सपाट, एकसष्टवर. मग अचानक उभी चढलेली. पुन्हा सपाट. पुन्हा उभी. असं नऊ वेळा.

पहिल्या चढावर मी थांबले आणि आवाज मोठा केला. पंप नव्हता. लिफ्ट नव्हती. पॅसेजमधून येणाऱ्या रबरी चपलांचा आवाज होता. चट, चट, चट. आई आत आली, माझ्यासमोर चहा ठेवला, म्हणाली, "गार करू नकोस." आणि गेली. चपला लांब गेल्या तशी रेघ खाली आली.

दुसरा चढ. चट, चट. आईनं फडक्यानं टीव्ही पुसला.

तिसरा. चौथा. नवव्यापर्यंत मी पाहिलं. मग हेडफोन काढून ठेवले.

बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. आईनं त्यांचं सगळं केलं. कुणाला हात लावू दिला नाही, नर्स ठेवू दिली नाही. तिची पाठ मोडायची, पण बाबांची चादर कधी चुरगळलेली दिसली नाही. ती खोलीत आली की बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. नातेवाईक म्हणायचे, बघा, किती जीव आहे बायकोवर. ते गेले तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, पडून असलेल्या माणसाचं हृदय इतकं झिजलेलं मी पाहिलं नाही, हे तर दोन वर्षं न थांबता पळणाऱ्याचं वाटतं. मी तेव्हा रडत होते. लक्ष दिलं नव्हतं.

मग मला पहिल्या रविवारचं आठवलं. मी ते रेकॉर्डिंग उघडलं आणि या वेळी चिमणीची रेघ काढली.

आई चहा टाकायला उठून गेली तेव्हा चिमणी सोफ्यावर उड्या मारत होती. आकडा होता शहाण्णव. आई परत आली तेव्हा ती पोटावर पडून चित्र रंगवत होती. गप्प. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून, पूर्ण रमलेली. आकडा होता एकशे सत्तावन्न.

५

त्या संध्याकाळी मी चिमणीला बागेत नेलं. झोपाळ्यावर बसवलं आणि हलकेच झोका देत विचारलं, "चिमणे, तुला आजीची भीती वाटते का गं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "आजीची? आजी तर माझी लाडकी आहे."

"ओरडते का कधी? मारते?"

"आजी नाही ओरडत. तू ओरडतेस."

"मग मी नसते तेव्हा आजी काय करते?"

तिनं पाय जमिनीला टेकवून झोका थांबवला.

"बघते," ती म्हणाली.

"काय बघते?"

"मला. खूप वेळ. ती बघते तेव्हा मी चित्र काढते." आणि मग नेहमीच्या आवाजात, "आई, जोरात दे ना झोका!"

मी जोरात दिला. मी मनाशी म्हटलं, काहीतरीच. आई आहे ती. आजारी पडले तर तीन तीन दिवस उशाशी बसणारी. माझ्या डोळ्यांना चाळीस वर्षांत जे दिसलं नाही, ते एका कॅमेऱ्याच्या बोलण्यावर मी खरं मानायचं?

६

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. या वेळी विनोद केला नाही.

आमच्या शोधाचा दुसरा भाग मास्तरांचा होता. तो रंगाऐवजी हालचाल मोठी करायचा. झोपलेल्या बाळाची छाती हलत नाहीये असं वाटावं, पण व्हिडिओ या भागातून काढला की तीच छाती भात्यासारखी वरखाली होताना दिसायची. मास्तरांनी रविवारचं रेकॉर्डिंग त्यातून काढायला घेतलं. तीन तास लागले. आम्ही शेजारी शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होतो.

आमचा हॉल. दुपारचा उजेड. रिकामा सोफा, पडदे, खिडकीतली मनीप्लांटची कुंडी, टीपॉयवर पाण्याचा ग्लास. सगळं थोडं थोडं डोलत होतं, पाण्याखाली असल्यासारखं. ते अपेक्षित होतं. घरं अशीच डोलतात, आपल्याला दिसत नाही.

चपलांचा आवाज आला. आई दारात उभी राहिली.

आणि हॉलमधलं सगळं मागे सरलं.

पडदे खिडकीला चिकटले. मनीप्लांटची पानं एक साथ काचेकडे वळली. ग्लासातलं पाणी एका बाजूला चढून तसंच तिरकं उभं राहिलं. सोफ्याची पाठ भिंतीत रुतली. भिंतसुद्धा, मी डोळ्यांनी पाहिलं, भिंतसुद्धा मधोमध पोकळ होऊन मागे गेली. आणि फोटोत बाबांची मान हळूच बाजूला झाली, जशी कुणी फार जवळ तोंड आणलं तर आपली होते.

आई फडकं घेऊन आत आली आणि टीव्ही पुसू लागली. ती एकटीच अजिबात डोलत नव्हती. केससुद्धा नाही.

मास्तरांनी व्हिडिओ थांबवला. त्यांचा चष्मा नाकावर होता, तरी ते कपाळ चाचपत होते.

"किती मोठी केलीय हालचाल?" मी विचारलं.

"दोनशेपट," ते म्हणाले. "म्हणजे प्रत्यक्षात केसाएवढी. केसाहून कमी." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "स्वतःचा आकडा घेतलास कधी? ती समोर असताना?"

मी घेतला नव्हता. मी कायम कॅमेऱ्याच्या मागे होते.

७

शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर पुस्तकांमागे कॅमेरा ठेवला आणि चहा प्यायला बसले. आई समोर येऊन बसली. आम्ही चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. तिनं खालच्या मजल्यावरच्या बाईची नक्कल केली, जी प्रत्येक वाक्याआधी "मी काही बोलत नाही" म्हणते आणि मग थांबतच नाही. मी पोट धरून हसले. चहा नाकातून यायचा बाकी राहिला. मला छान वाटत होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. छातीत धडधड नाही, घाम नाही, काही नाही. ती उठून जाताना माझ्या केसांवरून हात फिरवून गेली आणि मला वाटलं, काय मूर्खपणा चालवलाय मी.

रेकॉर्डिंग मी ऑफिसात जाऊन पाहिलं.

ती येण्याआधी बहात्तर. मग एकशे एक्कावन्न. पूर्ण चाळीस मिनिटं. हसताना एकशे साठ. केसांवरून हात फिरला तेव्हा एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि माझा चेहरा त्या वेळी मांजरीसारखा सुखावलेला, डोळे अर्धे मिटलेले.

मी खुर्चीत बसून आठवायचा प्रयत्न केला. लहानपणापासूनचं सगळं. शाळा, परीक्षा, आजारपणं, सुट्ट्या. एकही वाईट आठवण सापडली नाही. मग लक्षात आलं की बहुतेक आठवणींत मी कुठेतरी खाली मान घालून काहीतरी करत बसलेली असते. चित्र, गणितं, विणकाम. आणि आई त्या आठवणीत कुठे आहे ते मला दिसत नाही. नुसतं माहीत असतं, की ती खोलीत आहे.

८

मी ऑफिसजवळ दोन खोल्यांची जागा घेतली. नवरा फोनवर म्हणाला, "आईंना एकटं टाकून? अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, जायला यायला दोन तास मोडतात. त्याला हो म्हणणं भाग पडलं.

आईला सांगताना मी तिच्याकडे न बघता भांडी विसळत होते.

"जा की," ती म्हणाली. "मी काय तुम्हाला धरून ठेवलंय?"

तिनं सामान बांधायला मदत केली. चिमणीचे कपडे घड्या घालून दिले, तिची पुस्तकं आकारानुसार लावून खोक्यात भरली. पत्ता मी सांगितला नाही. तिनंही विचारला नाही. टॅक्सी निघाली तेव्हा ती फाटकाशी उभी होती आणि चिमणी मागच्या काचेतून हात हलवत रडत होती. रडणं खरं होतं. मीही मागे वळून हात हलवला.

नव्या घरात महिनाभर सगळं सुरळीत होतं. चिमणी जवळच्या पाळणाघरात जायला लागली. बाबांचा फोटो मी आणला नव्हता. पेटंटचा अर्ज गेला होता, पण हॉस्पिटलवाल्यांना सलग तासन्‌तासांच्या नोंदी हव्या होत्या, म्हणून कॅमेरा खोलीत दिवसभर चालू असायचा. चिमणी ब्याण्णव, मी सत्तर. चिमणी नव्वद, मी अडुसष्ट. मास्तरांनी रेघा पाहिल्या आणि प्रथमच माझ्या खांद्यावर थोपटलं. वजन थोडं वाढलं माझं. चिमणीनं चित्रं काढणं सोडून दिलं आणि घरभर पळायला लागली. मला ते फार आवडायचं.

परवाच्या शनिवारची गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. चिमणी जमिनीवर ठोकळ्यांचं घर बांधत होती. मी बटाटे सोलत होते आणि अधूनमधून स्क्रीनकडे नजर टाकत होते, सवयीनं.

चिमणी एकशे चार.

मी सुरी ठेवली.

एकशे एकवीस. एकशे चाळीस. ती गुणगुणत ठोकळा बसवत होती. शेजारच्या चौकटीत मी होते. एकशे सव्वीस. मला काही वाटत नव्हतं. बटाट्याचा वास येत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. एकशे एकोणपन्नास.

मी उठून दाराची कडी लावली, वरची आणि खालची. खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता नेहमीसारखा. लांब कोपऱ्यावर बस थांबलेली, माणसं उतरत होती. इतक्या वरून चेहरे दिसत नव्हते.

मी परत येऊन चिमणीशेजारी बसले आणि मनाशी नीट, शब्दांत ठरवलं. दार उघडायचं नाही. बेल वाजू दे, हाक येऊ दे, उघडायचं नाही. मास्तरांना फोन लावायचा. फोन हातात घेतला. चिमणीनं ठोकळे बाजूला सारले, उठून टेबलाजवळ गेली, तिथला कागद आणि रंगाचा खडू घेतला आणि पोटावर पडून चित्र काढायला लागली. आमच्या दोघींच्या चौकटींवर आता एकच आकडा होता. एकशे त्र्याऐंशी.

नऊ मिनिटांनी बेल वाजली.

"अगं, मी आहे," दाराबाहेरून आवाज आला. "किती उंचावर घर घेतलंस गं बाई!"

"आजी!" चिमणी खडू टाकून पळाली.

मी तिला थांबवायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं, आकडे डोळ्यांसमोर होते. पण त्या आवाजाबरोबर माझ्या आत आनंद भरून आला. महिन्याभरानं आई भेटणार म्हणून होतो तसा, अगदी साधा आनंद. मी चिमणीला उचलून कडेवर घेतलं, कारण वरच्या कडीला तिचा हात पोहोचत नव्हता. आणि हसत हसत दोन्ही कड्या काढल्या.